येशू कोणत्या पंथाचा?

प्रश्न : माझ्या कार्यालयात दोन ख्रिस्ती सहकारी आहेत, एक कॅथलिक, दुसरे प्रोटेस्टंट. येशूने स्थापन केलेला खरा पंथ आपलाच, असं दोघेही म्हणतात. मी सहज विचारलं, की मग येशू स्वतः कोणत्या पंथाचा? दोघेही हसले आणि विषय बदलला. तुम्ही उत्तर द्याल का?

उत्तर : देते. येशू यहूदी होता. यहूदी म्हणून जन्मला, यहूदी म्हणून जगला आणि यहूदी म्हणूनच मेला. कॅथलिक नाही, प्रोटेस्टंट नाही; आज ज्याला आपण ख्रिस्ती धर्म म्हणतो तो त्याच्या हयातीत अस्तित्वातच नव्हता. इतिहास शिकवत होते तेव्हा हाच प्रश्न मी वर्गाला विचारायचे. बहुतेक मुलं ठामपणे ‘ख्रिश्चन’ म्हणायची. मग मी लूकचं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारा बायबलमधला ग्रंथ, उघडायला लावायचे.

आठव्या दिवशी बाळाची सुंता झाली, हे लूकच सांगतो. त्यानंतर आईबाप यरुशलेमच्या मंदिरात गेले आणि त्यांनी नियमाप्रमाणे पक्ष्यांचं अर्पण केलं. ऐपत असलेल्याने कोकरू द्यायचं, नसलेल्याने होल्यांची किंवा पारव्यांची जोडी, असा नियम होता. म्हणजे घर गरिबाचं, पण नियम पाळणारं. बाराव्या वर्षी तो वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तमधून झालेल्या सुटकेची आठवण ठेवणाऱ्या यहूदी सणाला यरुशलेमला गेला. मोठेपणी शब्बाथला, म्हणजे यहूद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, नाझरेथच्या सभास्थानात उभा राहून त्याने यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचून दाखवला. लोक त्याला ‘रब्बी’, म्हणजे गुरू, म्हणत. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर त्याने सांगितली ती ‘हे इस्राएला, ऐक’ अशी सुरू होणारी, यहूदी माणूस रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो ती. रोमन सुभेदार पिलाताने त्याच्या क्रुसावर पाटी लावली, तीही ‘यहूद्यांचा राजा’ अशी.

यावर हमखास येणारी शंका : पण परुश्यांशी, म्हणजे नियमांबाबत काटेकोर असलेल्या यहूदी गटाशी, त्याचं भांडण होतं ना? होतं, पण ते घरातलं भांडण होतं. त्या काळचा यहूदी समाज एकजिनसी नव्हता. योसेफस हा पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार परुशी, सदूकी आणि एसेनी अशा गटांचं वर्णन करतो. मेलेले पुन्हा उठतील का, यावर सदूकी ‘नाही’ म्हणत, परुशी ‘हो’. येशूने इथे परुश्यांची बाजू घेतली. घटस्फोटाबाबत हिल्लेल आणि शम्मय या दोन गुरूंच्या परंपरांत मतभेद होते. हिल्लेलची परंपरा सैल, शम्मयची कडक. येशूचं उत्तर शम्मयच्या बाजूला झुकतं. शब्बाथला काय चालतं, हात धुणं किती महत्त्वाचं, हे वाद यहूदी माणूसच यहूदी माणसाशी घालू शकतो. बाहेरच्याला त्यांच्याशी काय देणंघेणं?

मग वेगळा धर्म झाला कधी? एखादी तारीख सांगता येत नाही. येशूनंतरही त्याचे शिष्य पेत्र आणि योहान प्रार्थनेच्या वेळी मंदिरात जात होते. अडचण उभी राहिली ती यहूदी नसलेले लोक येऊ लागल्यावर. ग्रीक माणूस येशूला मानू लागला, तर त्याने सुंता करून घ्यावी का? खाण्यापिण्याचे नियम पाळावेत का? सुमारे 49 साली यरुशलेममध्ये यावर बैठक झाली. पेत्र बोलला, यहूदी नसलेल्यांत प्रचार करणारे पौल आणि बर्णबा यांनी आपले अनुभव सांगितले आणि अखेर याकोबाने, म्हणजे येशूच्या भावाने, निकाल दिला : सुंतेची सक्ती नको, मात्र मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि जारकर्म यांपासून दूर राहावं. मला विचाराल, तर ख्रिस्ती इतिहासातलं सगळ्यांत मोठं वळण हेच. रोमपेक्षा, सोळाव्या शतकातल्या लूथरच्या बंडापेक्षाही मोठं.

निकाल कागदावर सोपा होता, ताटावर नाही. सीरियातल्या अंत्युखिया शहरात पेत्र आधी यहूदी नसलेल्यांबरोबर जेवायला बसायचा. याकोबाकडची माणसं आली तसा तो बाजूला होऊ लागला. पौलाने त्याला सर्वांसमोर सुनावलं आणि तसं पत्रात लिहूनही ठेवलं. ‘ख्रिस्ती’ हे नावही प्रथम याच अंत्युखियात पडलं. पुढे 70 साली रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं. 325 साली निकेयाच्या धर्माध्यक्षांच्या परिषदेने पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) यहूदी वल्हांडणाच्या हिशेबावर अवलंबून ठेवायचा नाही असं ठरवलं. नातं असं हळूहळू तुटत गेलं.

आता पंथांकडे. तुमचे सहकारी पहिली फूट सोळाव्या शतकातली समजत असतील, तर ते हजार वर्षांनी चुकले. 431 साली इफिसच्या परिषदेने कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्माध्यक्ष नेस्तोरियस याला दोषी ठरवलं आणि इराणकडची पूर्वेकडील मंडळी (चर्च) दुरावली. 451 साली खाल्केदोनच्या परिषदेने ख्रिस्त एक व्यक्ती, पण दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव, असं ठरवलं. इजिप्तमधल्या कॉप्टिक आणि सीरियन मंडळींतल्या अनेकांनी ते नाकारलं, आर्मेनियन मंडळींनीही पुढे नाकारलं. ही मंडळी आजही आहेत. गंमत अशी, की 1973 साली पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शेनुदा यांनी ख्रिस्ताविषयी एकत्र निवेदन काढलं, तेव्हा दोघांचा विश्वास फार वेगळा नाही असंच त्यातून दिसलं. पंधराशे वर्षांनी!

1054 ची रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यातली फूट तर नाटकच. पोपचा दूत कार्डिनल हंबर्ट 16 जुलैला कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया चर्चमध्ये शिरला आणि त्याने बहिष्काराचा आदेश थेट वेदीवर ठेवला. ज्या नवव्या लिओ पोपच्या नावाने हे चाललं होतं, ते एप्रिलमध्येच वारले होते. तिथले पॅट्रिआर्क, म्हणजे मुख्य धर्माध्यक्ष, मिखाएल केरुलारियस यांनी उलट बहिष्कार घातला. वाद कशाचा? प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत घ्यायची, भाकर खमिराची की बेखमीर, पवित्र आत्मा पित्यापासून निघतो की पुत्रापासूनही, आणि मुख्य म्हणजे पोपचा अधिकार पूर्वेवर चालतो का. सामान्य माणसाच्या आयुष्यात त्या दिवशी फारसं काही बदललं नाही. जखम खोल झाली ती 1204 साली, पश्चिमेच्या क्रुसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं तेव्हा. 1054 चे बहिष्कार 1965 साली दोन्ही बाजूंनी मागे घेतले. मंडळी मात्र अजून वेगळीच आहेत.

1517 साली जर्मन धर्मगुरू मार्टिन लूथरने पापदंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध विटेनबर्गमध्ये 95 मुद्दे मांडले. त्याला नवा पंथ काढायचा नव्हता. आपल्या नावाने लोकांनी स्वतःला ओळखू नये, असं त्याने लिहिलंही. पण बंड करणाऱ्यांचंही आपसात जमेना. 1529 साली मारबुर्गला लूथर आणि स्वित्झर्लंडमधला सुधारक झ्विंग्ली भेटले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं. उरला प्रभुभोजनाचा. लूथरने खडूने टेबलावर ‘हे माझे शरीर आहे’ असं लिहिलं आणि तो हटला नाही. झ्विंग्ली त्याला प्रतीक मानत होता. तिथेच दोन वाटा झाल्या. पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार ते भोजन एका यहूदी माणसाचं वल्हांडणाचं जेवण होतं, हे मला इथे राहून राहून आठवतं.

इंग्लंडची कथा राजाच्या लग्नाची; 1534 साली आठवा हेन्री पोपऐवजी स्वतःच तिथल्या, म्हणजे अँग्लिकन, चर्चचा प्रमुख झाला. मेथडिस्टांचा जॉन वेस्ली तर 1791 साली मरेपर्यंत अँग्लिकन धर्मगुरूच होता. म्हणून तुमच्या सहकाऱ्यांना एवढंच सांगा, की पंथ ज्यांच्या नावावर जमा आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते काढायचे ठरवलेलेच नव्हते.

प्रश्न : येशू गालीलचा, म्हणून तो वंशाने यहूदी नव्हता, असं मी एका ठिकाणी वाचलं. खरं आहे का?

उत्तर : नाही. आणि हे मत कुठून येतं तेही माहीत असू द्या. 1939 साली जर्मनीत, आयझेनाख इथे, चर्चमधला ‘यहूदी प्रभाव’ पुसून टाकण्यासाठी चक्क एक संस्था निघाली. तिचा प्रमुख अभ्यासक वॉल्टर ग्रुंडमान हेच मांडत होता. नाझी राजवटीला असा येशू हवा होता. त्यापूर्वीचा लूथरचा प्रवासही वाचण्यासारखा आहे : 1523 साली त्याने येशू ख्रिस्त जन्माने यहूदी होता या शीर्षकाची पुस्तिका लिहिली आणि 1543 साली यहूद्यांची सभास्थानं जाळा असा सल्ला देणारी दुसरी. कॅथलिक चर्चलाही, येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या यहूद्यांवर टाकता येत नाही हे अधिकृतपणे सांगायला 1965 साल उजाडावं लागलं.

प्रश्न : जगात ख्रिस्ती पंथ तीस-चाळीस हजार आहेत म्हणे?

उत्तर : हा आकडा फिरतो खरा. पण त्या मोजणीत एकच मंडळी जितक्या देशांत आहे तितक्या वेळा वेगळी धरली जाते; एकाच पोपला मानणारं कॅथलिक चर्चसुद्धा त्यात शेकडोंनी भरतं. मुख्य घराणी मोजायची तर दोन्ही हातांची बोटं पुरतील : कॅथलिक, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स, कॉप्टिक-आर्मेनियन-सीरियन गट, इराणकडची जुनी पूर्वेकडील मंडळी, लूथरन, सुधारक काल्विनच्या वाटेचे रिफॉर्म्ड, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट आणि विसाव्या शतकात फोफावलेले पेंटेकोस्टल. कोणाशीच नातं न सांगणारी स्वतंत्र चर्चेस यात बसत नाहीत, आणि ती मात्र खरोखरच पुष्कळ आहेत.