माजी सैनिकांचे प्रश्न : भाजल्याचा वण आणि पंधरा टक्के

प्रश्न : नमस्कार काका. माझे मिस्टर २४ वर्षं सर्व्हिस करून ऑगस्ट २०२३ ला हवालदार म्हणून रिटायर झाले. बर्फातल्या पोस्टवर असताना बुखारीचा (ऊब देणाऱ्या शेगडीचा) भडका उडून त्यांची मान, उजवा खांदा आणि कोपरापर्यंत हात भाजला होता, ग्राफ्टिंग (दुसरीकडची कातडी लावणं) झालं, तीन महिने हॉस्पिटलात काढले. घरी येताना मेडिकल बोर्डाने दुखापत सर्व्हिसमुळेच झाली हे मान्य केलं पण डिसॅबिलिटी १५ टक्केच लावली. मग पत्र आलं की २० च्या खाली आहे म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन नाही. ते पत्र फिरत फिरत चार महिन्यांपूर्वी हातात पडलं. गावात एकजण म्हणतो सरळ ट्रिब्युनलला (सैन्यातल्या लोकांच्या खटल्यांचं कोर्ट) जा, दुसरा म्हणतो नुसत्या डागाचे कोण पैसे देतंय. इकडे यांची मान उजवीकडे वळत नाही, उन्हात गेलं की तो भाग नुसता तापतो. काय करावं? (सातारा जिल्ह्यातील वाचक)

उत्तर : ताई, आधी ते "नुसता डाग" डोक्यातून काढून टाका. खोल भाजलं की कातडीबरोबर घामाच्या ग्रंथी पण जळतात, ग्राफ्ट केलेल्या जागेला पहिल्यासारखा घाम येत नाही, म्हणून तापतं ते, मनाचे खेळ नाहीत. आणि वण जुना होताना आखडतो, सांध्यावरून गेला असेल तर सांध्याला धरून ठेवतो, डॉक्टर त्याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. तुमच्या पूर्ण पत्रात माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची ओळ "मान वळत नाही" हीच आहे, आणि मला दाट शंका आहे की बोर्डाच्या कागदात ती कुठेच नसेल.

लोक तुम्हाला दोन निकाल सांगतील. २०१३ चा धरमवीर सिंग, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सर्व्हिसमध्येच झाला असं धरायचं. आणि २०१४ चा सुखविंदर सिंग, की मेडिकलवर बाहेर काढलेल्या जवानाची डिसॅबिलिटी २० च्या वरच समजायची. दोन्ही चांगले निकाल आहेत पण दोन्ही तुमच्या कामाचे नाहीत, कारण सर्व्हिसमुळे झालं हे बोर्डाने मानलंच आहे आणि तुमचे मिस्टर टर्म पूर्ण करून आलेत, बोर्ड आउट झालेले नाहीत. तुमचं भांडण फक्त टक्क्याचं आहे. अपिलात तेवढंच ठासून लिहा, बाकीचं भरताड घातलं की मुद्दा हरवतो.

आणि हे पाच टक्के किती मोठे आहेत बघा. १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा हिस्सा, मिळतो. २० टक्के झाले की राउंडिंगने ५० धरता येतात (त्याचं पुढच्या उत्तरात सांगतो), म्हणजे पगाराच्या १५ टक्के, आणि ते जन्मभर. १५ वर राहिलात तर शून्य.

आता कागद. बोर्डाच्या प्रोसीडिंगची, म्हणजे एएफएमएसएफ-१६ ची कॉपी रेकॉर्ड ऑफिसकडून (जवानांचे सर्व्हिसचे कागद ठेवणारं सैन्याचं ऑफिस) मागवा, नाही दिली तर आरटीआय टाका. तिच्यात बघायचं की भाजल्याचं एकच नाव लिहून वण म्हणून सोडून दिलंय, का मानेची आणि कोपराची हालचाल मोजून वेगळी नोंदवलीये. सोबत दुखापतीचा इंज्युरी रिपोर्ट, हॉस्पिटलचं डिस्चार्ज पेपर आणि लो मेडिकल कॅटेगरीत (तब्येतीमुळे पूर्ण फिट न धरलेले) होते त्या वेळचे बोर्डाचे कागद, जेवढं मिळेल तेवढं गोळा करा.

मग एखाद्या सरकारी हॉस्पिटलात प्लास्टिक सर्जनला दाखवा आणि नुसतं सर्टिफिकेट आणू नका, त्यांना मोजून लिहायला सांगा. वण किती सेंटिमीटर लांब किती रुंद, वर आलाय का, खालच्या मांसाला चिकटलाय का, दुखतो का, परत परत फुटतो का, मान डावीकडे किती अंश वळते उजवीकडे किती, कोपर पूर्ण सरळ होतं का. वणाशेजारी पट्टी धरून फोटो काढा. एवढ्या वर्षांत मी अपिलाच्या खूप फायली बघितल्या, "अतिशय त्रास होतो हो साहेब" असं कळवळून लिहिलेल्या फायली वाचून जीव तुटायचा, पण समोरच्याला उत्तर द्यायला भाग पाडायची ती "मान २५ अंशाच्या पुढे जात नाही" असली एक ओळ. अर्थात बाहेरच्या डॉक्टरच्या कागदावर कुणी टक्के वाढवून देणार नाही, कोर्टं सुद्धा मेडिकल बोर्डाच्या मताला जास्त वजन देतात. म्हणून अपिलात मागणी अशी करा की परत मेडिकल बोर्ड बसवून हालचालीसकट पुन्हा असेसमेंट व्हावं.

लगेच ट्रिब्युनलला धावू नका. पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं असतं, तुमच्या हातात दोन महिने आहेत, रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. ते फेटाळलं तर दुसरं अपील. दोन्ही पायऱ्या झाल्यावर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, आपल्याला मुंबईचं बेंच लागतं. अपिलावर सहा महिने कुणी उत्तरच दिलं नाही तरी ट्रिब्युनलचा रस्ता मोकळा होतो, त्यासाठीच ती पोचपावती. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण ऑफिसला चौकशी करा, नालसाची (मोफत कायदेशीर मदत देणारी राष्ट्रीय सरकारी संस्था) वीर परिवार सहायता योजना जुलै २०२५ ला सुरू झाली ती जवानांच्या आणि माजी सैनिकांच्या घरच्यांना कायद्याची मदत मिळावी म्हणूनच. आणि हे सगळं मी जुन्या, २००८ च्या नियमांनी सांगतोय, २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागलेत, त्यानंतर सुटलेल्यांनी याच्यावरून आपला हिशोब करू नये.

एक पेन्शनच्या बाहेरचं पण सांगतो. जुना भाजल्याचा वण परत परत फुटत असेल, जखम भरत नसेल तर अपील बाजूला ठेवा आणि आधी ईसीएचएसला (माजी सैनिकांची आरोग्य योजना) दाखवा. वर्षानुवर्षं न भरणाऱ्या अशा जखमेत कॅन्सर होऊ शकतो. मिस्टर "होतंय बरं" म्हणतील, ऐकू नका त्यांचं.

प्रश्न : माझ्या वडिलांना १९९९ ला ऑपरेशन विजयमध्ये (कारगिलच्या लढाईत) मांडीत स्प्लिंटर लागले, बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत जखमी) म्हणून नोंद आहे. २००६ ला टर्म पूर्ण करून आले. वॉर इंज्युरी पेन्शन (लढाईतल्या दुखापतीची) ३० टक्क्यांवर चालू आहे. शेजारचे मेजरसाहेब म्हणतात ५० पाहिजेत. खरं का? (कोल्हापूर)

उत्तर : खरं आहे. ५० च्या आतले ५० धरायचे, पुढे ७५ आणि मग १००, ही राउंडिंगची सवलत १९९६ पासून आहे पण ती फक्त बोर्ड आउट झालेल्यांना देत होते. १० डिसेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने राम अवतारच्या निकालात टर्म पूर्ण करून आलेल्यांना पण तिचा हक्क मान्य केला. टर्म पूर्ण केलेल्याला वॉर इंज्युरी एलिमेंट १०० टक्क्याला पगाराच्या ६० टक्के असतो, म्हणजे आज वडिलांना पगाराच्या १८ टक्के मिळतायत तिथे ३० मिळायला हवेत. आपोआप होईल म्हणून वाट बघू नका, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज द्या, नाही ऐकलं तर ट्रिब्युनल. थकबाकी पूर्ण मागा, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून कोर्टं बहुतेक वेळा केस टाकायच्या आधीची तीनच वर्षं धरत आलीयेत, त्यामुळे जेवढं लांबवाल तेवढे मागचे महिने गळू शकतात. वडिलांचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि बॅटल कॅज्युअल्टीच्या नोंदीची कॉपी घेऊन या आठवड्यातच अर्ज करा.