दोन मॉनिटर स्क्रीन आणि दोन स्पीकर एकाच टेबलावर कसे बसवायचे?

गाणी मिक्स करायचं (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवायचं) टेबल असेल तर आधी स्पीकरची जागा ठरवा, स्क्रीन उरलेल्या जागेत. बहुतेक जण उलटं करतात, दोन मोठ्या स्क्रीन मधोमध ठेवतात आणि मग स्पीकर बिचारे कोपऱ्यात जातात, नाहीतर स्क्रीनच्या मागे लपतात.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे, म्हणजे स्पीकर एकमेकांपासून १२० सेंमी असतील तर तुमच्यापासूनही साधारण तेवढेच, तोंडं तुमच्याकडे वळवलेली आणि ट्वीटर (स्पीकरमधला बारीक, उंच आवाजांचा छोटा भाग) कानाच्या उंचीला. डावी-उजवी भिंत दोन्ही स्पीकरपासून सारख्याच अंतरावर हवी, नाहीतर स्टिरिओ एका बाजूला कलतो आणि आपण उगाच पॅनिंग, म्हणजे कुठला आवाज डावीकडे-उजवीकडे किती, ते दुरुस्त करत बसतो.

स्क्रीन स्पीकरच्या पुढच्या कडेपेक्षा मागे सरकवा आणि जमेल तितकी खाली. काच सपाट असते, आवाज तिच्यावर आपटून थोडा उशिरा कानात येतो आणि मधला व्होकल धूसर वाटतो. दोन स्क्रीन असतील तर मला विचाराल तर एक मधोमध आणि दुसरी तिच्या वर, आर्मवर, थोडी पुढे झुकवून. शेजारी-शेजारी ठेवल्या की मान कायम एकीकडे वळलेली राहते, मग त्या त्रिकोणाचा काय उपयोग? खरं तर मिक्सिंगला एकच स्क्रीन पुरते.

स्पीकरच्या मागच्या भिंतीचंही बघा, स्पीकर तिच्यापासून १ मीटरवर असेल तर साधारण ८६ हर्ट्झच्या आसपास बास खड्ड्यात जातो, म्हणजे भिंतीवरून परतलेल्या आवाजामुळे तिथला खालचा आवाज कमी ऐकू येतो, त्यामुळे छोट्या खोलीत भिंतीजवळ ठेवून, त्याने वाढणारा बास स्पीकरच्या पाठीवरच्या स्विचने कमी केलेला बरा.