जुन्या गाडीच्या पुढच्या ब्रेक डिस्क घरी बदलता येतील का? डिस्क हबवरून निघतच नाही, हातोडा मारू का?

येतील. हातोडाही चालेल, पण तो सगळ्यात शेवटी. तुम्ही लिहिलंय की वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं आणि डिस्क मात्र हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या मधल्या भागाला, घट्ट चिकटून बसली आहे. दोन्हींच्या मुळाशी बहुतेक गंजच असणार, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

थरथर सुरू झाली की "डिस्क तापून वाकली" असं सर्रास म्हटलं जातं. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी कुठे कमी कुठे जास्त झालेली असते. हब आणि डिस्कच्या मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला की डिस्क किंचित तिरकी बसते. मध्यापाशी फरक केसाएवढाही नसतो, पण कडेला तो दुपटीच्या आसपास जातो. मग ब्रेक दाबलेला नसतानाही दर फेऱ्याला डिस्कचा तोच भाग पॅडला (ब्रेक दाबला की डिस्कला आवळणारी पट्टी) घासतो आणि तेवढाच झिजत राहतो. काही हजार किलोमीटर झाले की पेडल पायाखाली ठोके द्यायला लागतं. म्हणून नवी डिस्क टाकल्यावर पहिल्या दिवशी सगळं झकास वाटतं, आणि काही महिन्यांनी थरथर परत येते. हब साफ न करता डिस्क बदलण्यात काही अर्थ नाही, हे माझं ठाम मत आहे.

काम काढण्याआधी एक गोष्ट नक्की बघा. काही जुन्या गाड्यांत चाकाचं बेअरिंग डिस्कमध्येच असतं, किंवा डिस्क हबच्या मागच्या बाजूने बोल्टने आवळलेली असते. तसं असेल तर बेअरिंगला हात घालावा लागतो, ते काम गॅरेजमध्येच द्या. डिस्क नुसती हबवर सरकवलेली असेल तर घरी करायला हरकत नाही.

जमीन सपाट आणि कडक हवी. मागच्या चाकांना अडण लावा, नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करा, आणि जॅकवर उचलल्यावर स्टँड लावल्याशिवाय काहीही खोलू नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर मी हातसुद्धा आत घालत नाही.

कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सुटला की तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा. मग कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचे दोन बोल्ट काढा. डिस्कवर छोटा स्क्रू असेल तर साध्या स्क्रू-ड्रायव्हरने त्याचं डोकं झिजून जातं, त्याला इम्पॅक्ट ड्रायव्हरच (हातोडा मारला की फिरणारा) लागतो. आता डिस्कच्या मधल्या भागात आटे असलेली दोन भोकं आहेत का ते शोधा. पुष्कळ जपानी गाड्यांत ती असतात, बहुधा ८ मिलिमीटरच्या बोल्टची. दोन्हीत बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलं की डिस्क खट्कन सुटते. भोकं नसतील तर हबच्या कडेला गंज सोडवणारं तेल मारून थांबा. मग चाकाच्या दोन स्टडच्या (ज्यांवर नट बसतात ते बोल्ट) मधल्या जागी, डिस्क फिरवत फिरवत, बेताचे ठोके द्या. प्रत्येक घाव बेअरिंगपर्यंत पोचतो, म्हणून उगाच जोर नको. आणि अशी ठोकलेली डिस्क परत वापरायची नाही.

आता खरं काम. हबचा सपाट भाग वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासा. स्टडच्या बुंध्याभोवतीचं गोल कडं हमखास राहून जातं आणि डिस्क नेमकी तिथेच अडते. शेवटी बोट फिरवून बघा, खरखर लागली तर अजून घासा. धूळ हवेने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. डायल गेज (बारीक फरक मोजणारं काट्याचं उपकरण) मिळालं तर डिस्क नटांनी आवळून, ती फिरवत कडेपाशी डोल, म्हणजे ती किती आत-बाहेर हलते ते, मोजा. ०.०५ मिलिमीटरच्या आत असेल तर उत्तम.

नव्या डिस्कवर गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा. रॉकेल किंवा डिझेल अजिबात नको. डिस्क दोन्ही बाजूंच्या एकदमच बदला आणि पॅडही नवेच घाला. कॅलिपरच्या पिना बोटाने सहज सरकल्या पाहिजेत. त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या वरच्या टाकीवर लक्ष ठेवा, कारण ते ओसंडलं तर गाडीचा रंग खातं. पिस्टन आत जातच नसेल, त्याच्या रबराखाली ओल दिसली किंवा नळीला चिरा असतील, तर तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. सगळे बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) आवळा.

गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. हे विसरलात तर पहिल्याच ब्रेकला पेडल थेट तळाला जाईल. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, पण पूर्ण थांबू नका. तापलेला पॅड एकाच जागी दाबून धरला तर त्याचा थर तिथे चिकटतो आणि थरथर नव्याने सुरू होते. त्यानंतर काही किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत गाडी चालवा, म्हणजे डिस्क गार होतील. चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.