जुनी कॉम्बिनेशन कॅडिलॅक (शववाहिका आणि रुग्णवाहिका एकातच) दुरुस्तीसाठी घेताना आधी काय तपासावं?

आधी गाडीचा मागचा भाग तपासा, इंजिन नंतर. १९६० च्या दशकातल्या या अमेरिकन गाड्यांचं इंजिन कॅडिलॅकच्या नेहमीच्या मोटारींचंच असायचं, त्यामुळे त्याचे सुटे भाग आजही मिळतात. मागची बॉडी मात्र मिलर-मीटिअर, सुपीरियर अशा कोचबिल्डर (तयार सांगाड्यावर बॉडी बांधणाऱ्या) कंपन्यांनी थोड्याच संख्येत बांधलेली. तिचं लांब छप्पर, बाजूच्या काचा, मागचं दार दुसऱ्या गाडीचं बसत नाही. गंजलेला पत्रा कापून नवा घडवावा लागतो, आणि खरा खर्च तिथेच होतो.

मग आत वाकून फरशी बघा. शवपेटी सरकवायचे रोलर उलटवून खाली तोंड करून बसवले की फरशी सपाट व्हायची आणि स्ट्रेचर आत जायचं. ते रोलर, परिचारकाची घडीची खुर्ची आणि छपरावरचा काढता-घालता येणारा दिवा जागेवर असतील तर रंग उडालेला असला तरी गाडी सोडू नका. हे भाग हरवले की तिची ओळखच जाते.

एक मात्र लक्षात ठेवा: चासी (गाडीचा खालचा सांगाडा) खास, जास्त लांब आणि भक्कम असते. म्हणून स्प्रिंग, ब्रेक साध्या कॅडिलॅकचे चालतील असं गृहीत धरू नका. मागवण्याआधी मापं घ्या.