सांगू नकोस, विचार

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘चार वेळा समजावलं तरी मुलं (अ + ब)² चं उत्तर अ² + ब² असंच लिहितात, आता पाचव्यांदा कसं समजावू?’ हे वाक्य डोक्यातून जाईना. पाचव्यांदा समजावूच नकोस. एका मुलाशेजारी जाऊन बस आणि ‘हे कसं काढलंस?’ एवढंच विचार.

मला हे सुचायला अकरा वर्षं लागली. तोवर मी लाल फुल्या मारत राहिलो. मग एकदा एका मुलीच्या वहीवर पेन टेकवलं आणि का कोण जाणे, थांबलो. तिला विचारलं. तिनं वहीची चार पानं मागे उलटली आणि माझंच वाक्य दाखवलं: ‘कंसाबाहेरचा घातांक आतल्या प्रत्येकाला द्यायचा.’ (अब)² = अ²ब² शिकवताना मीच ते फळ्यावर लिहिलं होतं. आत गुणाकार असेल तरच, हे लिहायची मला गरज वाटली नव्हती. ती पोरगी माझं नीट ऐकून चुकत होती! तिच्याआधी किती जणांना मी ‘लक्ष कुठंय तुझं?’ म्हणून गप्प केलं असेल, त्याचा हिशोब आता लागत नाही.

तू म्हणतोस, मुलं बोलतच नाहीत. तू थांबतोस का? मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांमधल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात असं आढळलं. तीनेक सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद, बाबा! आणि बरोबर उत्तर आलं तरी ‘कसं?’ विचारच. नाहीतर ‘कसं?’ म्हणजे ‘चुकलं’, हे मुलांना आठवड्याभरात कळतं आणि ती पुन्हा मिटतात.

पोर्शनचं कारण मला देऊ नकोस. माझाही मागे राहायचा, त्यावरून बोलावणं यायचं, बोलणी खायचो. तरी मी चुकलो नव्हतो, हे आजही ठामपणे सांगतो. तो वेळ पुढे वसूल होतो. विस्तारसूत्रं, अवयव, वर्गसमीकरणं हे धडे पुस्तकात लांब लांब आहेत, पण त्यांच्यामागे चौरस एकच. अ + ब बाजूचा चौरस मुलांनाच काढू दे. आत दोन चौरस, दोन आयत. मुलं विसरतात ते हे दोन आयत, म्हणजे २अब. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञानं क्ष² + १०क्ष = ३९ असंच सोडवलं: क्ष बाजूचा चौरस, त्याच्या दोन बाजूंना ५ रुंदीचे आयत, कोपरा रिकामा. त्या कोपऱ्यात २५ बसवले की ६४ चा पूर्ण चौरस होतो. बाजू ८, म्हणून क्ष = ३. दुसरं उत्तर −१३. ते या चित्रात का सापडत नाही? हेही तू सांगू नकोस, विचार. माझ्या वर्गात यावर पूर्ण तास गेला होता आणि त्या तासाचं मला आजही वाईट वाटत नाही.

पुढच्या पत्रात किती धडे झाले ते कळवू नकोस. एका मुलानं ‘कसं’ ते काय सांगितलं, तेवढं त्याच्याच शब्दांत लिहून पाठव.