1967 मध्ये अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर का पेटलं आणि सरकारने काय केलं?
23 जुलैच्या पहाटे पोलिसांनी दारूच्या एका विनापरवाना अड्ड्यावर धाड टाकली. आत व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी पार्टी चालू होती. पोलिसांनी सरसकट सगळ्यांना उचललं. ही फक्त ठिणगी. गोऱ्या पोलिसांची दांडगाई, बेकारी, महामार्गासाठी पाडलेली ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची वस्ती, हा राग वर्षानुवर्षांचा होता. उसळलेल्या दंगलीत 43 माणसं मेली, त्यातली 33 कृष्णवर्णीय.

सरकारने आधी लष्कर उतरवलं, मग दंगलींची कारणं शोधायला कर्नर आयोग नेमला. आयोगाने 1968 मध्ये थेट गोऱ्यांच्या वंशवादावर बोट ठेवलं. घरं, नोकऱ्या, शाळांवर मोठा खर्च सुचवला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो अहवाल जवळपास बासनातच गुंडाळला, आणि हे मला अक्षम्य वाटतं. घरं देताना होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा कायदा संमत झाला तो मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, एप्रिलमध्ये.