‘पाद्रीने प्रवचन दिले’ यात खटकतं ते काय?

म्हापशाच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, फेस्ताची (उत्सवाची) चार ओळींची बातमी त्यांनी मराठी दैनिकाला पाठवली. तेल घालायला हिंदू-ख्रिस्ती एकाच रांगेत उभे असतात, हे त्यांना मुद्दाम सांगायचं होतं. त्यात एक वाक्य होतं : ‘त्यानंतर पाद्रीने प्रवचन दिले.’ दुसऱ्या दिवशी शेजारच्या ख्रिस्ती आजोबांनी पेपर पुढे धरला आणि हळूच म्हणाले, “टीचर, आमच्या पाद्रीक तुमी अशें बरयलें?” (असं लिहिलंत?) बाई विचारतात, पाद्री हा शब्द वाईट आहे का? मग लिहावं काय? फादर, धर्मगुरू, की पाळक?

बाई, आजोबांचं वाक्य पुन्हा वाचा. तक्रार करताना ते स्वतः ‘पाद्री’च म्हणाले! बिघडवलंय ते ‘ने’ने. सत्यनारायणाची बातमी लिहिताना ‘भटजीने पूजा सांगितली’ असं तुमच्या हातून उतरलं नसतं. तिथे ‘भटजींनी’, कीर्तनाला ‘बुवांनी’ आपसूक येतं. पाद्री म्हटलं की मात्र मराठी हात एकवचनाकडे वळतो. याचं कारण मला एकोणिसाव्या शतकात दिसतं. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. त्या काळच्या मराठीत पाद्री हा बहुधा समोरच्या बाजूचा माणूस. प्रतिपक्षाला कोण आदरार्थी बहुवचन लावतो? गोव्यातल्या ख्रिस्ती कोकणीत तसं नाही. तिथे ‘पाद्री आयलो’ म्हटल्याने कुणाचा मान जात नाही, जसा मराठीत ‘देव पावला’ म्हटल्याने देवाचा जात नाही. शब्द तोच, पण मराठीच्या अंगणात आला की त्याला अनुस्वार लागतो.

शब्दाच्या मुळात तर आदरच आहे. पोर्तुगीज ‘पाद्रे’ म्हणजे बाप. लॅटिन ‘पातेर’ आणि आपला ‘पितृ’ हे सख्खे भाऊ. म्हणजे फादर आणि पाद्री यांत अर्थाचा फरक काडीचा नाही, एक इंग्रजीच्या दारातून आला, दुसरा पोर्तुगीजच्या. आणि दुसरा खूप आधी आला. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने (कॅथलिकांच्या येशूसंघातल्या धर्मगुरूने) मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. त्यात नवख्रिस्ती माणसाच्या शंकांना उत्तरं देणारा आहे ‘पाद्री गुरू’. ही जोडगोळी मला फार आवडते. परका शब्द एकटा घरात शिरला नाही, ओळखीच्या माणसाचा हात धरून आला.

गोव्यात पाद्री हा सरसकट शब्द झाला. हुद्द्यांना वेगळी नावं आहेत. इगर्जेचा, म्हणजे चर्चचा, मुख्य तो विगार, किंवा पाद्-विगार. मूळ लॅटिन ‘विकारियुस’, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. त्याची नेमणूक बिशप करतो आणि तो बिशपाच्या वतीने गाव सांभाळतो. आपल्या जुन्या दफ्तरी मराठीत याला चपखल शब्द आहे, मुतालिक. (उद्या कुणी ‘मुतालिकांनी मीस म्हटली’ असं छापलं तर जबाबदारी माझी नाही.) विगारांचा साहाय्यक तो कूर, लॅटिन ‘कुरा’ म्हणजे काळजी, आत्म्यांची काळजी वाहणारा.

आता पाळक. हा प्रॉटेस्टंट मराठीचा शब्द, नगर-पुण्याकडचा. ‘पास्तोर’ म्हणजे कळप चारणारा, त्याचं हे मराठी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू पेत्राला तीनदा कळप सोपवतो, आणि मूळ ग्रीकमध्ये त्यासाठी दोन वेगळी क्रियापदं येतात : एक चारण्याचं, एक राखण्याचं. ‘पाळणे’ या एका मराठी धातूत दोन्ही मावतात, म्हणून मला हा शब्द ‘मेंढपाळा’पेक्षा नेमका वाटतो. शिवाय गोव्यात मेंढरं आहेत कुठे? आमचे धनगर-गवळी म्हशी नि शेळ्या राखतात. कोकणीने म्हणूनच की काय ‘गोंवळी’ घेतला, येशू तो ‘बरो गोंवळी’. अभंगांतला गोवळ्यांचा मेळा आठवतो ना, त्याच गोतातला. पण कॅथलिक विगारांना मराठीत पाळक लिहू नका. ते लिहायचं प्रॉटेस्टंट मंडळीच्या प्रमुखाबद्दल. आणि लिहाल तेव्हा ‘ळ’ सांभाळा, मोबाइल त्याचा ‘पालक’ करतो आणि चर्चमध्ये एकदम शाळेची सभा भरते.

राहिलं प्रवचन. ते ‘देत’ नाहीत, करतात. भाषण देणं रुळलंय, पण प्रवचन, कीर्तन, निरूपण हे करायचेच प्रकार. गोव्यात त्याला शेरमांव म्हणतात, पोर्तुगीज ‘सेर्मांव’वरून. इथे एक बारकावा आहे, तो तुम्हाला बातमीतही वापरता येईल. रविवारच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, शुभवर्तमान वाचून होतं, बाकांची करकर करत लोक बसतात, आणि नुकत्याच वाचलेल्या उताऱ्यावर फादर बोलतात. त्याला इंग्रजीत होमिली म्हणतात. मूळ ग्रीक अर्थ सलगीची बातचीत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली तिला उपासनेचाच भाग ठरवलं. फेस्ताला मात्र पुष्कळदा बाहेरून वक्ता बोलावतात आणि तो सायबिणीची किंवा संताची थोरवी रंगवतो. नारदीय कीर्तन ऐकलेल्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही : पहिलं पूर्वरंगातलं निरूपण, दुसरं उत्तररंगातलं आख्यान. लांबलं तर लोक घड्याळ बघतात, तेही दोन्हीकडे सारखंच.

वसईकडे मराठीत फादरच चालतं. २०२० साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फ्रान्सिस दिब्रिटो सगळ्या महाराष्ट्राला ‘फादर’ म्हणूनच ठाऊक होते. ‘धर्मगुरू’ शुद्ध आहे, बिनधोक आहे, पण सरकारी पत्रकासारखं थंड. तुमच्या बातमीला मी असं लिहिलं असतं : ‘त्यानंतर फादरांनी सायबिणीवर प्रवचन केलं.’ आणि आजोबांचा शब्द ठेवायचाच असेल तर ‘पाद्रींनी’. तेवढा ‘द्रीं’वरचा अनुस्वार छापखान्यात गळू देऊ नका.